वीस मुलांमागे एक

आमच्या बालवाडीचं ऑफिस म्हणजे जिन्याखालची टेबलभर जागा. तिथल्या कपाटात एक जाड फाइल आहे. तिच्यात जागेचा भाडेकरार आहे, आगीपासून संरक्षणाच्या यंत्रणेचं प्रमाणपत्र आहे, पाणी तपासल्याचा अहवाल, पेस्ट कंट्रोलच्या पावत्या, पोलीस पडताळणीचे कागद, मुलांच्या लसीकरण कार्डांच्या झेरॉक्स असं बरंच काही आहे. नव्या पालकांनी मागितली तर मी ती आनंदाने दाखवते. फारसं कुणी मागत नाही. जे मागतात ते पहिली चार पानं उलटतात आणि म्हणतात, "वा, सगळं आहे की!"

सगळं नाही. बालवाडीत जे सगळ्यात महाग असतं त्याचा त्या फाइलीत एकच कागद आहे, तो म्हणजे कर्मचाऱ्यांचं हजेरीपत्रक. आणि त्यावर विश्वास ठेवण्यापलीकडे वाचणाऱ्याला काही करता येत नाही.

लोकांना वाटतं, लहान मुलांची शाळा काढायची म्हणजे सरकारच्या केवढ्या तरी परवानग्या लागत असतील. पहिलीपासून पुढे लागतातच. सहा वर्षांच्या आतल्या मुलांचं मात्र आपल्याकडे सगळंच अधांतरी राहिलं आहे. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा. त्यातल्या ११व्या कलमात तीन ते सहाच्या मुलांचा उल्लेख आहे, पण सरकारला व्यवस्था करण्याची मुभा आहे इतकाच. २००२ साली घटनादुरुस्ती झाली आणि ४५व्या अनुच्छेदात सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं संगोपन व शिक्षण आलं, तेही राज्याने प्रयत्न करावा अशा शब्दांत. अंगणवाड्या महिला व बालविकास खात्याकडे. मोठ्या शाळेला जोडलेला शिशुवर्ग त्या शाळेच्या सावलीत. राहिल्या आमच्यासारख्या बालवाड्या, प्लेग्रुप, नर्सऱ्या. वडापावच्या गाडीला अन्न नोंदणी लागते. तीन वर्षांची वीस मुलं एका खोलीत सांभाळायला मात्र वर्षानुवर्षं भाड्याची जागा आणि कार्टूनचा फलक पुरत आला. २०२५ मध्ये राज्याच्या शिक्षण खात्याने खासगी पूर्वप्राथमिक वर्गांना पोर्टलवर नोंदणी करायला सांगितलं. उशिरा का होईना, आपण आहोत हे तरी कुणाच्या यादीत आलं.

याचा अर्थ नियम नव्हते असा नाही. शोधले तर सापडतात. केंद्र सरकारच्या २०१३ च्या बालशिक्षण धोरणाबरोबर दर्जाचे निकष आले: तीस मुलांना निदान ३५ चौरस मीटरची खोली, बाहेर खेळायला निदान ३० चौरस मीटर मोकळी जागा, तीन ते सहाच्या मुलांसाठी विसांमागे एक मोठं माणूस आणि तिनाच्या आतल्यांसाठी दहांमागे एक. मग राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने खासगी प्लेस्कूलसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात कुंपणभिंत आहे, खेळती हवा आहे, मुलांच्या उंचीची स्वच्छतागृहं, साबण, टॉवेल, झोपायची खोली, प्रथमोपचार पेटी, आग विझवण्याची साधनं, सीसीटीव्ही आहेत, दिवसाचे तीन-चार तासच शाळा भरवा असं आहे. आणि वीस मुलांमागे एक शिक्षिका व एक मदतनीस आहे.

आमचा हॉल मी टेप लावून मोजला आहे. एकवीस फूट बाय अठरा फूट, म्हणजे ३५ चौरस मीटरला जेमतेम टेकतो. पुण्यातल्या जुन्या बंगल्याचा तळमजला असल्यामुळे हे जमलं. सोसायटीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बालवाडी चालवणाऱ्या माझ्या मैत्रिणींना ते कसं जमायचं? तरी खोली एकदा मोजली की मोजून होते. ती सोमवारी ३५ आणि शुक्रवारी २० चौरस मीटर होत नाही. भिंत उभी राहिली की उभी असते. यादीतल्या जवळजवळ सगळ्याच गोष्टी अशा एकदा पैसे टाकून विकत घेता येणाऱ्या आहेत. विसांमागे दोन बायका ही एकच गोष्ट रोज सकाळी नव्याने जमवावी लागते.

कागदावर वीस मुलं, एक ताई, एक मावशी म्हणजे चार डोळे. प्रत्यक्षात सव्वादहाला एकाची चड्डी ओली होते आणि मावशी त्याला घेऊन आत जाते. धुणं, पुसणं, कपडे बदलणं, "आईला सांगू नका हं" यावर समजूत घालणं यात दहा मिनिटं सहज जातात. तेवढ्यात घसरगुंडीजवळ कुणी तरी ओठ फोडून घेतो आणि ताई त्याच्यापाशी वाकते. आता उरलेल्या अठरा मुलांकडे कोण बघतंय? कुणीच नाही. यात कुणाची चूक नाही, नियमाचा भंग नाही. आपल्याकडच्या निकषातली ही पळवाट कुणी मुद्दाम ठेवलेली नाही. तो निकष मुलं शांत बसलेली असतात असं धरून केलेला आहे. म्हणून आम्ही विसांमागे तिसरी बाई ठेवतो. ती कुठल्याच वर्गाची नसते. जिथे जागा रिकामी होईल तिथे ती उभी राहते. आमच्या ताया तिला "फिरत्या मावशी" म्हणतात आणि बालवाडीच्या खर्चात पगारानंतर भाडं येतं ते तिच्यामुळे.

यावर माझे पती म्हणतात (हिशेब तेच बघतात) की एवढ्या पगारात हॉलमध्ये एसी आला असता आणि पटसंख्या वाढली असती. खरं आहे. पालक एसीचं विचारतात. इंग्रजी अक्षरं कधी सुरू करता, विचारतात. सीसीटीव्ही मोबाइलवर दिसतो का, हे तर हमखास विचारतात.

बालवाडीत माझ्या सगळ्यात लाडक्या वस्तू म्हणजे चिंचोके. मुलं त्यांनी मोजतात, नक्षी करतात, वाटीतून वाटीत ओततात, कानाशी डबा हलवून आवाज ऐकतात. प्लॅस्टिकच्या रंगीत ठोकळ्यांनी ते होत नाही. तीन वर्षांच्या मुलाच्या बोटांना चिंचोक्याची गुळगुळीत चपटी बाजू आवडते, हे मी बघत आले आहे. आणि ही आपली परंपरा आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक १९४५ साली डहाणूकडच्या बोर्डीला गेल्या, पुढे अनुताई वाघांबरोबर त्यांनी कोसबाडला काम केलं, तेव्हा मॉन्टेसरीची महागडी लाकडी साधनं वारली मुलांपर्यंत नेणं शक्यच नव्हतं. त्यांनी आजूबाजूला पडलेल्या बिया, शंख-शिंपले, पानं, खडे यांच्यातून साधनं उभी केली. मुलं येत नाहीत तर आपणच त्यांच्या अंगणात जायचं, ही कल्पनाही तिथलीच.

आता यापुढे खेळण्यांच्या सुरक्षेचा नियम ठेवा. जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. त्यामागच्या मानकात एक छोटी नळकांडी आहे, तिचा व्यास ३१.७ मिलिमीटर. तिनाच्या आतल्या मुलाच्या खेळण्यातला कुठलाही भाग तिच्यात पूर्ण मावला तर ते खेळणं नापास, कारण जे नळकांडीत मावतं ते घशात अडकू शकतं. चिंचोका मावतो. शिंपला मावतो. खडा, मणी, बटण, शेंगदाणा, राजमा, सगळंच मावतं. नियमाच्या बाजूने पाहिलं तर कोसबाडचं अर्धं साधनकपाट नापास.

एका प्रशिक्षणात आम्हाला सरळ सांगण्यात आलं, बिया बंद करा, जोखीम नको. मी केल्या नाहीत. गुंजा मात्र काढल्या. लालभडक, काळ्या ठिपक्याच्या, मुलांना मोहात पाडणाऱ्या. पण त्यांच्यात अॅब्रिन नावाचं जहाल विष असतं. बी चावलं गेलं तर खेळ खलास, तिथे चर्चाच नाही. चिंचोक्यांचं तसं नाही. त्यांचा धोका बीमध्ये नाही, कुणाचं लक्ष नसताना बी तोंडात जाण्यात आहे. म्हणून तिनाच्या पुढच्याच मुलांना, एका वेळी पाच-सहा जणांना, जमिनीवर सतरंजी टाकून, एक ताई समोर मांडी घालून बसलेली असली तरच डबा उघडतो. सुरुवातीला मूठ भरून मोजून देतो, शेवटी मोजून घेतो. मुलांना वाटतं हा खेळाचाच भाग आहे. एका नगाची कमी आली की सगळी सतरंजी उचलून झटकली जाते.

हे जमतं कारण तेव्हा बाकीची मुलं दुसऱ्या दोघींकडे असतात. ज्या दिवशी दोघीच असतात त्या दिवशी डबा बंद. म्हणजे साधन सुरक्षित आहे की नाही हे साधनाकडे बघून सांगता येत नाही. खोलीत किती मोठी माणसं आहेत ते आधी विचारावं लागतं. पण वस्तूवर बंदी घालणं स्वस्त पडतं. म्हणून नियम वस्तूंवर येतात, आणि बालवाड्यांतून आधी बिया जातात, मग माती, मग पाणी, मग झाडावर चढणं. शेवटी उरतात चित्रं रंगवायची पुस्तकं. त्यांनी कुणाला इजा होत नाही, हे मान्य.

घशात अडकण्यावरून आठवलं. आषाढीला आमच्याकडे दिंडी निघते. छोटे वारकरी, कपाळाला गंध, कागदाच्या वीणा, आणि डब्यात साबुदाण्याची खिचडी. काही घरांत खिचडीत अख्खे शेंगदाणे घालतात. लहान मुलांच्या श्वासनलिकेतून डॉक्टरांना दुर्बीण घालून ज्या वस्तू काढाव्या लागतात त्यांत आपल्याकडे शेंगदाण्याचा नंबर फार वरचा आहे. मागच्या दाढा पुरत्या आलेल्या नसतात, चावणं अर्धवट, त्यात हसणं आणि पळणं. आम्ही आधी चिठ्ठी पाठवतो: खिचडीत कूट घाला, दाणे नकोत, द्राक्षं उभी चिरून द्या. एका आजींनी निरोप पाठवला होता, "आमची चार मुलं दाणे खाऊनच मोठी झाली." झाली असतील. पण त्या चौघांमागे घरात त्या होत्या, दोन जावा होत्या आणि सासूबाई होत्या. आमच्या हिशेबाने ते प्रमाण एकास एक पडतं.

फुग्यांनाही वाढदिवसाला बंदी आहे, कारण फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशात चिकटला तर पाठीत थोपटूनही निघत नाही. ही बंदी मला मनापासून पटते. चपट्या बटण-सेलचं तर नावच काढू नका. गाणाऱ्या भेटकार्डात, चमकणाऱ्या खेळण्यांत ते असतात, आणि अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांत आतून भाजायला लागतो. सेलच्या कप्प्याला स्क्रू नसलेलं खेळणं आम्ही दारातच परत देतो.

दर जूनमध्ये आमच्या ताया आणि मावश्या बाहुलीवर सराव करतात. मूल खोकू शकत असेल तर खोकू द्या. आवाजच बंद झाला तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा, मग मागून पोटावर पाच झटके, आणि पुन्हा थापा. वर्षाच्या आतल्या बाळाला पोटाऐवजी छातीवर. दिसत नसलेली वस्तू काढायला तोंडात बोट घालायचं नाही. बाहुलीवर सगळ्यांना येतं. आमच्या सगळ्यात थोरल्या मावशी दर वर्षी हसत सुटतात, बाहुलीला "सोने" म्हणतात आणि सगळ्यांत अचूक थापा त्यांच्याच पडतात.

१६ जुलै ही तारीख मी कॅलेंडरवर खूण करून ठेवते. २००४ साली या तारखेला तमिळनाडूतल्या कुंभकोणमला एका प्राथमिक शाळेच्या इमारतीत आग लागली. दुपारचं जेवण शिजत होतं त्या स्वयंपाकघराच्या गवती छपराने पेट घेतला आणि ९४ मुलं गेली. त्या आगीनंतर सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली आणि एप्रिल २००९ मध्ये न्यायालयाने देशातल्या शाळांना अग्निसुरक्षेचे नियम पाळायला लावले. आपल्या राज्यात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा २००६ चा. त्याखाली परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, ज्याला सगळे फॉर्म बी म्हणतात, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं.

२०१३ सालीही १६ जुलैच होती. बिहारमधल्या सारण जिल्ह्यात, गंडामन गावच्या शाळेत माध्यान्ह भोजन खाऊन २३ मुलं दगावली. जेवणात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक गेलं होतं. तेलाचा वास नेहमीसारखा नाही हे स्वयंपाक करणाऱ्या बाईंच्या लक्षात आलं होतं, त्यांनी ते बोलूनही दाखवलं होतं, असं तेव्हाच्या बातम्यांत छापून आलं. मुख्याध्यापिकेला पुढे शिक्षा झाली. त्या घटनेनंतर ठिकठिकाणी चव-नोंदवह्यांची आठवण झाली: मुलांच्या आधी मोठ्यांनी जेवण चाखायचं, वेळ आणि सही लिहायची. नोंदवही हवीच, आमच्याकडेही आहे. पण त्या शाळेत नाक होतं आणि ते बरोबर सांगत होतं. त्या बाईंचा शब्द ऐकला जाईल अशी रीत नव्हती.

बालवाडीत पहिल्यांदा काही लक्षात येतं ते मावशीच्या. कुठल्या मुलाचं अंग कढत लागतंय, कुणाच्या मांडीवर वळ आहे, गॅसचा वास येतोय, टाकीचं झाकण सरकलंय, न्यायला आलेला माणूस रोजचा काका नाही. ताई शिकवण्यात असते, मी फोनवर असते. आणि मावशीचंच म्हणणं सगळ्यात शेवटी ऐकायचं अशी आपल्या संस्थांची घडण असते, कारण तिचा पगार सगळ्यात कमी. आमच्याकडे एक नियम आहे, जो कुठल्याही सरकारी यादीत मला सापडला नाही: मावशीने "हे नको" म्हटलं की ती गोष्ट तिथेच थांबते, कारण नंतर विचारायचं. एकदा मावशींनी वास येतो म्हणून मुलांसाठी आलेलं दूध ओतून दिलं. मला तर ते चांगलंच वाटलं होतं. त्या दिवशी मुलांनी केळी खाल्ली.

फॉर्म बीसाठी एजन्सीचा मुलगा येतो तो आग विझवण्याच्या लाल नळकांड्यांची तारीख बघतो, काटा हिरव्या पट्ट्यात आहे का बघतो, नवं लेबल चिकटवतो. एका वर्षी आलेला वेगळा होता. त्याने चहा आणणाऱ्या मावशींनाच विचारलं, "मावशी, आग लागली तर ही पिन तुम्हाला काढता येईल का?" मावशी म्हणाल्या, "मी आधी पोरं काढीन, पिन तुम्ही काढा." तो हसला, पण मला त्यांचं उत्तर बिनतोड वाटलं. तरी त्यांना शिकवलं: पिन ओढायची, नळीचं तोंड ज्वाळेकडे नाही तर आगीच्या बुडाशी धरायचं, दांडा दाबायचा, डावीकडून उजवीकडे फिरवायचं. आणि मुलं बाहेर काढून झाली असतील तरच.

मुलं बाहेर काढणं हा खरा विषय. आमच्याकडे एक जाड दोरी आहे, हातभर अंतरावर गाठी मारलेली. प्रत्येकाने एक गाठ धरायची, पुढे ताई, मागे मावशी, आणि गाडी अंगणातल्या आंब्याखाली जाऊन थांबते. पहिल्या सरावात अर्धी गाडी चपला घालायला बसली. चपलेशिवाय बाहेर जायचं नाही हे त्यांना आम्हीच महिनोन्महिने शिकवलं होतं! दुसऱ्या वेळी एका मुलीला पाण्याची बाटली हवी होती. आता घंटेचा आवाज वेगळा ठेवला आहे, आणि त्या घंटेला चपला नाहीत, बाटली नाही, रांगही नाही, नुसती गाठ. आंब्याखाली मोजायचं. मोजणारी आणि हजेरीची वही आणणारी वेगळी, कारण दोन्ही एकीने केलं तर घाईत आकडा जुळवला जातो.

फाटकावर तर दोन नियमांची सरळ भांडणंच आहेत. मुलं रस्त्यावर पळू नयेत म्हणून फाटक बंद हवं. आग लागली तर बाहेर पडता यावं म्हणून उघडं हवं. खिडकीच्या गजांचंही तेच. पडू नये म्हणून गज, आणि अडकू नये म्हणून त्यांना उघडणारं दार, आणि त्या दाराला कुलूप, आणि किल्ली कुठे तर टेबलाच्या खणात. फाटकाला आम्ही मोठ्यांच्या उंचीवर कडी लावली, कुलूप नाही. मग कुलपाचं काम कोण करणार? तिथेही शेवटी एक माणूस उभं करावं लागलं.

कॅमेऱ्यांबद्दल माझं मत पालकांना आवडत नाही. २०१६ साली खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिली. ती दिसली कॅमेऱ्यामुळेच, म्हणून गुन्हा सिद्ध करायला कॅमेरा हवा. पण तो तिथे भिंतीवर होता आणि मारणारा हात थांबला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात शिशुवर्गातल्या दोन चिमुरड्यांवर शाळेच्या स्वच्छतागृहात अत्याचार झाल्याचं उघड झालं, आरोपी सफाई कर्मचारी. लोक रुळांवर उतरले. त्यानंतर सरकारने शाळांना महिन्याच्या आत सीसीटीव्ही लावायला आणि त्याचं चित्रण आठवड्यातून निदान तीनदा तपासायला सांगितलं, कर्मचाऱ्यांची पडताळणी, तक्रारपेटी, समित्या यांबद्दलही आदेश आले. ते सगळं आवश्यक होतं. पण स्वच्छतागृहात कॅमेरा लावता येत नाही, लावूही नये. तिथला प्रश्न साधा आहे: मुलीला शूला कोण नेतं? आमच्याकडे बाईच नेते, दार अर्ध्या उंचीचं आहे, आतून कडी नाही, आणि बाहेरच्या बाकावरून मूल दिसत नाही पण नेणारीचं डोकं दिसतं. वर्ग सोडून मुलीबरोबर जाणारी बाई हवी असेल तर वर्गात मागे दुसरी उरायला हवी. पुन्हा तोच हिशेब.

मुलांचं चित्रण पालकांच्या मोबाइलवर थेट दाखवायला मी नकार देते. एका आईला स्वतःचं मूल दिसतं तसं बाकीची एकोणीसही दिसतात, कपडे बदलताना, रडताना, आणि तो मोबाइल घरात कुणाच्या हातात असतो ते मला माहीत नाही. यावरून दोन प्रवेश गेले. आणखी एक, पॉक्सो कायद्याच्या १९व्या कलमाखाली मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. हे कलम मी ताया-मावश्यांना दर वर्षी वाचून दाखवते, १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर भिंतीवर आहे. "संस्थेचं नाव जाईल" हे वाक्य त्या बैठकीत कुणी उच्चारायचं नाही असं ठरलं आहे.

माझी चुलत वहिनी वाई तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. आमच्या गाठींच्या दोरीचं कौतुक तिला सांगितलं तर म्हणाली, "ताई, तुमचं बरंय. माझ्या एका हातात मोबाइल आणि एका हातात वजनकाटा. दोरी धरू कशानं?" १९७५ च्या २ ऑक्टोबरला देशात ३३ ठिकाणी सुरू झालेली ही एकात्मिक बालविकास योजना आज महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या चालवते. प्रत्येकीत एक सेविका, एक मदतनीस. कागदावर प्रमाण निकषाइतकंच चोख. पण सेविकेकडे पोषण ट्रॅकर या मोबाइल अॅपवर नोंदी, वजन-उंची, गरोदर आणि स्तनदा मातांच्या भेटी, घरी न्यायच्या आहाराचं वाटप, वरून येतील ती सर्वेक्षणं, मदतनीस चुलीपाशी. मग तीन ते सहाची मुलं कुणाकडे? वहिनी म्हणते, "मोठ्या पोरी सांभाळतात धाकट्यांना." मोठ्या म्हणजे पाच वर्षांच्या.

आणि या बायकांना मिळतं ते मानधन. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सांगितलं, तरी डिसेंबर २०२३ मध्ये त्यांना राज्यभर बेमुदत संपावर बसावं लागलं. ज्या देशात मुलांकडे बघण्याचं काम हे कामच धरलं जात नाही, तिथे त्या कामाचं प्रमाण मोजायला कोण येणार? तपासणीला येणारा माणूस भिंत बघेल, नळ बघेल, लाल नळकांडी बघेल. त्या दिवशी सगळ्या बायका हजर असतातच. आमच्याकडेही असतात. तपासणी मंगळवारी कळवून आली, तर त्याच्या मागच्या गुरुवारी दोघी तापाने घरी होत्या हे तिला दिसायचं कसं?

माझं म्हणणं इतकंच आहे की बालवाडीबाहेर एक पाटी असावी, रोज खडूने लिहायची: आज मुलं किती, आज मोठी माणसं किती. आम्ही ती जानेवारीपासून लावली आहे. आत येताना पालकांना दिसते. काही दिवस आकडे चांगले असतात, काही दिवस नसतात, आणि नसले की फोन येतात. लग्नसराईत तर फारच येतात.

यंदा प्रवेशाच्या वेळी एका आईने ती पाटी वाचली आणि मला विचारलं, "आणि दोन मावशी एकदम रजेवर गेल्या तर?" इतक्या वर्षांत हे विचारणारी पहिलीच. मी सांगितलं, चिंचोके बंद, मातीचा खड्डा बंद, सगळी मुलं एकाच हॉलमध्ये. तिघी रजेवर असल्या तर ज्यांना शक्य आहे त्यांनी मूल घरी ठेवावं असा निरोप, आणि तरीही प्रमाण जमलं नाही तर सुट्टी.

"सुट्टीचा निरोप किती वाजता येतो?" तिने विचारलं. "मला नऊला हिंजवडीत पोचायचं असतं."

साडेसहा, मी म्हटलं. तिने फोनवर काही तरी लिहून घेतलं, बहुधा सासूबाईंसाठी, आणि फी कधी भरायची ते विचारलं.